सप्तमीची चूल

अण्णा गेल्याची तार आली तेव्हा मी ताक घुसळत होते. हे कचेरीतून भर दुपारी घरी आले. छत्रीचं पाणी निथळत होतं आणि ती मिटायचंही ह्यांना सुचलं नव्हतं. "नाशिकहून कुसुमच्या यजमानांची तार आहे. अण्णा गेले," एवढंच म्हणाले. मी विचारलं, "काय खाल्लं होतं त्यांनी?" ...माझ्याच कानांना ते कसंसं वाटलं. छातीच्या दुखण्यासाठी मुलीकडे नेलेला माणूस, त्याच्याबद्दल कुणी असं विचारतं का? पण इतकी वर्षं शेजारी राहून अण्णांनीच लावलेली ही खोड. कुणाला काही झालं की पहिला प्रश्न हाच. मी रवी तशीच टाकून उठले आणि कारण नसताना चुलीवर पाणी उकळायला ठेवलं.

अण्णा म्हणजे जव्हारच्या दरबारी दवाखान्यातले डॉक्टर. सगळं गाव त्यांना अण्णाच म्हणे. त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यामध्ये नुसतं कारवीचं कुंपण. त्यांच्याकडे काय शिजतंय ते आम्हाला कळायचं आणि आमच्याकडे काय करपलंय ते त्यांना. गेलेल्या माणसावर लिहायचं म्हणजे त्याला शूर करायची पद्धत आहे, ती मला जमायची नाही. अण्णा भित्रे होते. साप, वाघ, काळोख यांना भ्यायचे नाहीत, रात्री-अपरात्री एकटे कंदील घेऊन रानातल्या पाड्यावर जायचे. पण झाकण न घातलेल्या दुधाला भ्यायचे. लग्नाच्या पंगतीत बसले की वाफाळता भात आणि वरण तेवढं जेवायचे आणि सकाळपासून पातेल्यात पडलेल्या बासुंदीकडे एखाद्या विंचवाकडे बघावं तसं बघायचे. वाढप्याची नखं बघायचे, हंडा बघायचे, विहीर कुठली ते विचारायचे. यजमानाचं तोंड उतरायचं. एकदा हे त्यांना म्हणाले, "अण्णा, मुंबईला तुम्ही डॉक्टरी शिकलात की घाबरायला?" तर म्हणाले, "दोन्ही एकाच वर्गात शिकवतात हो."

मी नवी लग्न होऊन आले तेव्हा मला त्यांचा भारी राग यायचा. माझ्या हातचं काही दिलं की कुंपणाशी उभे राहून चौकशी, कधी केलं, कुठे ठेवलं होतं, दूध कुणी काढलं. एकदा मी चिडून म्हटलं, "अण्णा, विष घातलं असतं तर सांगितलं असतं." वहिनी, म्हणजे अण्णांचं कुटुंब, पलीकडे तांदूळ निवडत होत्या, त्या खुदकन हसल्या. अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "दिगूच्या आई, घालणाऱ्याला माहीत असतं तर मी कशाला विचारलं असतं?" तेव्हा दिगू रांगत होता. त्या बोलण्याचा अर्थ मला पुढे एका श्रावणात कळला.

त्यांची भीती कुठून आली ते त्यांनी एकदाच सांगितलं होतं. जव्हारला नव्यानेच आले असताना उन्हाळ्यात सूर्यमाळच्या बाजूला पटकी लागली. ते मोखाड्याचं रान, आपल्या संस्थानाबाहेरचं, पण निरोप आला तसे अण्णा गेले. डोंगरावरचा पाडा, विहीर आटलेली, ओढ्याच्या वाळूत खणलेला एक झिरा आणि त्यात बायका वाटीवाटीने पाणी भरत बसलेल्या. त्याच झिऱ्यावर आजाऱ्यांची लुगडी धुतली जात होती. अण्णा तरणे, नुकते पास झालेले. त्यांनी झिऱ्यात लाल औषध टाकलं आणि पाड्यात फिरून सगळ्यांना सांगू लागले, पाणी उकळून प्या. एक म्हातारी ऐकून घेत होती. तिच्या घरातलं कुणीतरी आतच निजलेलं. ती म्हणाली, "डाक्तर, लाकडां हायत ढीगभर. पानीच नाय, त उकळू काय?" मग त्यांनी माणसं लावून पिण्याचा झिरा वर खणून घेतला, भोवती दगड रचले, धुण्याचा खाली नेला. पण ते होईपर्यंत तिच्या घरातलं माणूस गेलं होतं. तेव्हापासून पाण्याचा घोट घेतानासुद्धा त्यांचा हात क्षणभर थांबायचा. अण्णा हे सांगत असताना वहिनींनी विषय बदलला होता, मला आठवतं.

आता ती सप्तमी.

आमच्या सासूबाईंचं माहेर धरमपूरकडचं. त्यांच्याकडे श्रावणातल्या शिळासप्तमीचं व्रत फार कडक. षष्ठीला सगळं रांधायचं, संध्याकाळी चूल विझवून, निखारा न् निखारा काढून, ती गार करायची, सारवायची, हळदकुंकू वाहायचं. रात्री शितळादेवी गारव्याला चुलीत येऊन लोळते म्हणतात. एखादा निखारा राहून गेला तर तिचं अंग भाजतं, आणि मग त्या घरातल्या लेकराला देवी येतात. सप्तमीला दिवसभर चूल पेटवायची नाही. आदल्या दिवशीचं शिळं, गार जेवायचं. सासूबाईंचं बघूनबघून सगळी आळी हे व्रत करायला लागली होती, वहिनीसुद्धा. अण्णा दरवर्षी त्या दिवशी कुरकुरायचे. वहिनी म्हणायच्या, एक दिवस तुमची विद्या दवाखान्यात ठेवून या. सासूबाईंना कोणी काही बोलायची सोय नव्हती, कारण त्यांची पहिली दोन मुलं एकाच महिन्यात देवींनी गेली होती. त्या वर्षी चुलीच्या कोपऱ्यात राखेखाली निखारा राहिला होता, असं त्या सांगत. आमचे हे त्यानंतरचे. एवढं कळल्यावर मीही षष्ठीला चार-चारदा राखेत हात घालून बघायची.

त्या वर्षी षष्ठीला सकाळीच सासूबाईंनी मोठ्या पातेल्यात तांदळाची खीर केली. भरपूर दूध, वेलदोडा, नैवेद्याची म्हणून मनापासून केलेली. पाऊस असा लागलेला की घरात कपडे वाळत नव्हते, भिंतींना बुरशी आलेली, हवा दमट आणि कोंदट. पातेलं चुलीशेजारच्या उबेच्या कोनाड्यात ठेवलं, वर ओलसर फडकं. ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच. सप्तमीला पूजा झाली, आणि प्रथेप्रमाणे शेजारच्या पाच घरी खिरीची वाटी गेली. अण्णांकडेही गेली असती, पण कुसुमला खोकला होता म्हणून वहिनींनी कुंपणावरूनच हात जोडून परत पाठवली. दिगूने वाटीभर खाल्ली आणि आणखी मागितली. तेव्हा तो अडीच वर्षांचा, गुबगुबीत, खिरीवर जीव. उरलेली माझ्या वाट्याची होती, तीही त्यालाच दिली.

ऊन-सावली कळत नव्हती असा दिवस, पण दुपार कलंडायच्या आत दिगू ओकायला लागला. आधी वाटलं जास्त झालं. मग ढाळ. मग परत उलटी, नुसतं पाणी. सासूबाई मोरीत जाऊन आल्या त्या भिंतीला धरून. आणि तेवढ्यात आळीतून ओरडा ऐकू आला, त्यांच्याकडेही, त्यांच्याकडेही... कुणीतरी तो शब्द उच्चारला. पटकी. ज्यांनी पटकीचं साल बघितलंय त्यांना सांगायला नको. शब्द ऐकल्याबरोबर समोरच्या घरी बोचकी बांधायला लागले, एवढ्या पावसात, पोरं कडेवर घेऊन कुठे जाणार होते देव जाणे. हे साहेबांबरोबर जामसरकडे जंगलखात्याच्या कामाला गेलेले, मध्ये ओहोळ फुगलेले. मी दिगूला मांडीवर घेऊन बसले. तो एवढा मऊ पडला होता की त्याची मान माझ्या हातावरून घरंगळत होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. मी त्याला नुसती हाका मारत होते.

अण्णा आले ते बोडक्या डोक्याने. मी त्यांना टोपीशिवाय तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. दिगूच्या पोटावरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. ती लगेच बसली नाही, तशीच उभी राहिली. त्याचे ओठ बघितले, जिभेवरून बोट फिरवलं. "रडतोय, पण डोळ्यांत पाणी नाही," स्वतःशीच म्हणाले. मग मला, "लघवी कधी केली?" मला आठवेना. "ढाळ कसे आहेत? टाकलं नसेल तर दाखवा." मी फडकं पुढे केलं. त्यांनी ते खिडकीशी नेऊन, वाकून, अगदी निरखून बघितलं. घाण वाटली असेल तर तोंडावर दिसली नाही. "तांदळाच्या धुवणासारखे नाहीत, पटकीत तसे असतात," म्हणाले. आणि एकदम माझ्याकडे वळले. "तुम्ही बऱ्या कशा?"

मी बरी आहे ही माझी चोरी पकडल्यासारखं मला झालं. "मला काही नाही झालं," मी म्हटलं.

"तेच विचारतोय. ह्या दोघांनी खाल्लं आणि तुम्ही खाल्लं नाही, असं काय?"

"सगळं खाल्लं. दहीभात, घाऱ्या, लोणचं... खीर नाही. उरली नाही."

ते तसेच उठून पावसात गेले. आळीतल्या एकूण एक घरी जाऊन आले, आणि आजाऱ्यांपेक्षा बऱ्या माणसांपाशी जास्त उभे राहिले, असं मागाहून लोक नवलाने सांगत. परत आले तेव्हा धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेलं. म्हणाले, "ही पटकी नव्हे. ज्या घरी वाटी गेली त्याच घरी आहे, आणि त्या घरातही ज्याने खीर खाल्ली त्यालाच. सगळ्यांना एकाच सुमाराला सुरू झालं, खाऊन दोन-तीन तासांत. पटकी अशी पंगत धरून येत नाही." मग बाहेर ओटीवर जाऊन मोठ्याने ओरडले, पटकी नाही, बोचकी सोडा. कुणाच्या घरचं काय खाऊन झालं ते मात्र त्यांनी आळीला सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. "दमट हवेत दूध बिघडलं," एवढंच सगळ्यांना.

पटकी नव्हे म्हटल्यावर मी मोकळी होऊन रडायला लागले. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "इतक्यात नको. पटकी नसली तरी पाणी तसंच जातं. मोठी माणसं निभावतील. ह्याच्या एवढ्याशा अंगात पाणी ते केवढं?" त्यांचा आवाज कापत होता. त्या आवाजाने मी जेवढी घाबरले तेवढी पटकीच्या नावानेही घाबरले नव्हते. सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, एरंडेल देऊ का, पोट साफ होईल. "नको आई. जायचं ते गेलंय, आता राखायचंय." कुणी अफूचा थेंब म्हणालं. "अफूने ढाळ थांबतील आणि पोरही थांबेल. औषध नको आहे, पाणी पाहिजे. उकळलेलं. आणि तांदळाची पातळ पेज, मिठाची, तशीच पाच घरांना. चूल पेटवा."

सासूबाई उठल्या. इतका वेळ भिंतीला धरून चालणारी ती बाई ताठ उठली आणि सारवलेल्या, हळदकुंकू वाहिलेल्या चुलीसमोर जाऊन बसली. "चूल पेटणार नाही, डॉक्टर." आवाज चढवला नाही. "दोन दिलीत मी. तिसऱ्याचं पोर द्यायला सांगू नका."

लोकांना वाटेल मी त्यांच्याशी भांडले असेन. नाही भांडले. खरं सांगते, मलाही वाटत होतं की पेटवू नये. आणि मांडीवरचं पोर सुकत चाललेलं मला दिसत होतं. पेटवली तर देवी नेईल, नाही पेटवली तर हे ढाळ नेतील, आणि दोन्हीकडून तो माझाच... दवाखान्यात स्पिरिटचा दिवा होता, त्यावर सुया उकळत. पावसाने घाट बंद पडून स्पिरिट संपत आलेलं, आणि त्या दिव्यावर पाच घरांची पेज कशी शिजणार? आळीच्या पलीकडे पेटत्या चुली होत्या, पण सोवळ्यापायी तिथलं सासूबाईंनी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नसतं.

अण्णांनी वाद घातला नाही. मला वाटलं होतं ते आता रागावतील, अडाणी म्हणतील. ते त्यांच्यासमोर जमिनीवर उकिडवे बसले. "आई, तुमच्या चुलीला मी हात लावत नाही. माझी चूल पेटवतो. माझं घर, माझी काडी, जे काही होईल ते माझ्या घराचं. तुमच्याकडे येईल ते गार करूनच येईल. गार पाणी पाजायला देवीची ना नाही ना?"

सासूबाई म्हणाल्या, "तुमच्याकडेही पोर आहे, डॉक्टर."

"आहे," अण्णा म्हणाले आणि उठले.

कुंपणापलीकडचं मला ऐकू येत होतं. कुसुम त्यांची एकुलती एक, आधीची दोन पोटातच गेलेली. तेव्हा ती पाच वर्षांची असेल. अण्णा काय म्हणाले ते नीट आलं नाही. वहिनींचं आलं. "लाकडं मी रचते. काडी तुम्ही ओढा." पावसाळ्यातली सर्दलेली पेटी. पहिली काडी मोडली, तो आवाजसुद्धा मला आला. दुसरी फुरफुरून विझली. कुसुम विचारत होती, अण्णा, आज चूल का? मग कौलातून धूर निघाला. सप्तमीच्या दिवशी आळीतल्या त्या एका घरातून. पावसामुळे वर जाईना, आमच्या अंगणात उतरला. सगळ्या आळीने तो पाहिला.

पेज गाळून, पितळेच्या तपेलीत घालून, ती तपेली थंड पाण्याच्या परातीत फिरवून फिरवून वहिनींनी कुंपणावरून दिली. सासूबाईंनी बोटांच्या मागच्या बाजूने तपेलीला हात लावून बघितलं. "गार आहे," म्हणाल्या आणि चमचा स्वतःच्या हातात घेतला. अण्णांनी सांगितलं, एक चमचा, मग थांबायचं, मग परत एक. घाईने पाजलंत तर सगळं उलटेल. उलटलं तरी थोडं आत राहतंच. "घाबरा," म्हणाले, "पण चमचा थांबवू नका." दोनदा उलटलं. प्रत्येक वेळी सासूबाई तोंड पुसायच्या आणि पुन्हा चमचा भरायच्या. अण्णा पाच घरं फिरून यायचे, कातडीची चिमटी घ्यायचे, काही न बोलता परत जायचे. ते बोलत नाहीत म्हणून मी त्यांच्या पायांकडे बघायची, ते भरभर जातायत की सावकाश. मला त्यावरूनच समजून घ्यावं लागत होतं.

दिवेलागणीला माझ्या मांडीवर ऊब लागली. आधी कळलंच नाही. मग लुगडं भिजलं. दिगू मुतला होता. मी सासूबाईंना म्हटलं, "अहो, हा मुतला," आणि त्या बाईने, जिने सोवळ्यापायी मला आयुष्यभर छळलं, त्या ओल्या लुगड्याला हात लावून तो कपाळाला लावला. अण्णांना सांगायला कुंपणाशी गेले तर ते त्यांच्या मागच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. ऐकलं, मान हलवली. म्हणाले, "रात्रभर चालू ठेवा." आणि तिथेच बसून राहिले.

पाचही घरची माणसं वाचली. पण माझी भीती काही गेली नाही, तिने नुसती जागा बदलली. आता मी कुसुमकडे बघायला लागले. ती अंगणात खेळताना खोकली तरी माझं हातातलं काम थांबायचं. तिला काही झालं असतं तर माझ्या पोरापायी झालं असतं. वहिनी माझ्याशी बोलायच्या, तेलमीठ द्यायच्या-घ्यायच्या, पण कुसुमला आमच्याकडे पाठवत नव्हत्या, आणि मी कधी विचारलं नाही. सासूबाई रोज सकाळी कुंपणाशी काहीतरी काम काढून उभ्या राहायच्या. कुसुम दिसली की आत यायच्या. असा श्रावण गेला, भाद्रपद गेला. दिवाळीत मी अण्णांना भाऊबीजेला बोलावलं. त्यांनी वाटीतला लाडू उचलला, आणि मी वाट बघत होते, कधी केला, कुठे ठेवला... काही न विचारता खाल्ला.

पुढच्या वर्षी षष्ठीच्या आधी सासूबाईंनी आळीतल्या बायकांना जमवलं आणि सांगितलं की शितळादेवी स्वप्नात आली होती. म्हणाली, मला दुधाची खीर नको, कोरडं करा. घाऱ्या, पुऱ्या, गुळाचे कानवले. भातसुद्धा अगदी तिन्हीसांजेला, चूल विझवायच्या आधी शिजवा आणि पातळ फडक्याखाली, वाऱ्याशी ठेवा, कोंडून ठेवू नका. हात धुऊन वाढा. मी कुंपणाकडे बघितलं, तर अण्णा तिथे दातवणाचं निमित्त करून ऐकत होते. मला म्हणाले, "मी गेली कितीतरी वर्षं हेच सांगतोय. देवीचं औषध माझ्यापेक्षा लवकर लागू पडतं." देवीला हे सगळं कुणी पढवलं ते मी सासूबाईंना त्या मरेपर्यंत विचारलं नाही. आणि त्या वर्षापासून एक ठरून गेलं. सप्तमीला आळीतल्या सगळ्या चुली गार, अण्णांची तेवढी पेटती. कुणाचं पोर आजारी असलं, कुणी बाळंतीण असली, म्हातारं असलं, की उकळलेलं पाणी तिथून यायचं. वहिनी लाकडं रचायच्या, काडी अण्णा ओढायचे.

एकदा, कुसुमच्या लग्नाच्या गडबडीत, मी त्यांना विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्हाला भीती नाही वाटली? तुम्ही काय, शिकलेले." ते अक्षता भिजवत होते. म्हणाले, "कुसुमला मी स्वतः दोनदा देवीची लस टोचली होती. काही होणार नाही हे मला माहीत होतं. पण त्यानंतर महिनाभर तिला न्हाऊ घालताना मी येऊन उभा राहायचो. तिची पाठ उजेडाकडे वळवून बघायचो. फोड आहे का. ...माहीत असणं एक आणि पाठ बघणं एक, दिगूच्या आई." अण्णा इतकं सहज बोलले की मला वाटलं मीच चुकीचं ऐकलं.

ती पितळेची तपेली अजून आमच्याकडेच आहे. परत करायची राहून गेली, मग वहिनी म्हणाल्या, असू दे. मी तिच्यात कधी काही शिजवलं नाही, पण कल्हईवाला आला की पहिली तीच काढते.

अण्णा गेले आषाढात. वहिनी नाशिकला कुसुमपाशी राहिल्या, घराला कुलूप. श्रावण आला. षष्ठीला मी घाऱ्या केल्या, तिन्हीसांजेला भात केला, चूल विझवली, राखेत हात घालून बघितलं. सारवली, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. आता घरात मीच मोठी. दिगूची मुलगी सव्वा वर्षाची. तिला अण्णांनीच टोचलंय, गेल्या माघात, दंडावर खुणा आहेत. सप्तमीला सकाळी परसात गेले आणि सवयीने कुंपणापलीकडे बघितलं. कौलं ओली, काळी. धूर नव्हता. सगळ्या आळीत कुठेच नव्हता. आमची सून म्हणाली, "आई, कोपऱ्यावरच्या घरी बाळंतीण आहे, तिच्याकडून विचारायला आलेत... अण्णांकडचं पाणी आता कुठून आणायचं?" मी आत जाऊन चुलीवरचं फूल उचलून देवाजवळ ठेवलं आणि लाकडं रचली. सून दारात उभी होती, पोरीला घट्ट धरून. तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला ओळखीचं होतं. तिला म्हटलं, "तू काही करू नकोस. काडी मी ओढते." पहिली मोडली. दुसरीने पेट घेतला. पाणी उकळेपर्यंत मी चुलीसमोरून हलले नाही. मग तपेलीत काढलं, गार केलं आणि पाठवलं.

नातीला टोचलंय. काही होणार नाही, मला माहीत आहे. तरी रोज सकाळी न्हाऊ घालताना तिला खिडकीशी नेते आणि तिची पाठ उजेडाकडे वळवून बघते.